आजीचे पाय का भाजत होते?

"काहून रे बाप्पा, पायाखाली चूल पेटवली का?"

मागच्या सीटवरून आजीनं विचारलं तेव्हा बुटीबोरी नुकतंच मागे पडलं होतं. नवतपा चालू होता, दुपारचे दोन वाजले होते, बाहेर 45 अंश. एसी चालू, ब्लोअर फुल्ल, काचा बंद. तरी आमची 2006 सालची मारुती 800 आतून अशी तापलेली की पाण्याची बाटली ओठाला लावली तर चहा प्यायल्यासारखं वाटावं. बाबा म्हणाले, "आई, ऊनच तसं आहे ना." मीही तेच म्हटलं. आजीनं चपला काढल्या, पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली आणि सेलू येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी उतरल्यावर मात्र तिनं निकाल दिला. "पुढच्या महिन्यात मी नाही येत. डोकं फुटते माझं त्या गाडीत. डोळा गेला तर गेला."

इथे मी हसणं थांबवलं. आजीच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. त्यासाठी तिला दर महिन्याला नागपूरला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. तारीख चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईला मे महिन्यात एसटीनं परत पाठवायचं, हे काही बाबांना पटत नव्हतं. टॅक्सीचं भाडं दर महिन्याला परवडणारं नाही. म्हणजे गाडी थंड व्हायलाच हवी होती.

आता गंमत बघा. गाडीवर आम्ही आधीच खर्च केला होता. एप्रिलमध्ये एका गॅरेजवाल्यानं "गॅस कमी झालाय" म्हणून एसीचा गॅस भरून दिला. मेमध्ये दुसऱ्यानं पुन्हा भरला. तिसऱ्यानं सरळ सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला. साडेनऊ हजार." अठरा-एकोणीस वर्षांच्या गाडीवर साडेनऊ हजार घालायचे की ती भंगारात द्यायची, यावर घरात रोज जेवताना चर्चा व्हायची. गाडी नेमकी तापते कुठून, हे मात्र तिघांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात सहा प्रश्न घोकून घेतात : कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. बातमीसाठी ते किती उपयोगी पडतात ते माझे एडिटर सांगतील, पण गाडीसाठी त्यातले दोन फार कामाचे निघाले. कधी तापते? आणि कुठून तापते?

पहाटेची फेरी

गाडीच्या आत उष्णता यायला मुळात तीनच दारं आहेत. एक, ऊन, म्हणजे काचा आणि टप. दोन, इंजिनाची गरमी, म्हणजे हीटर आणि डॅशबोर्डमागचा पत्रा. तीन, सायलेन्सरचा पाइप, जो इंजिनापासून थेट मागच्या बंपरपर्यंत आपल्या पायाखालून जातो. या तिन्हींचा इलाज वेगळा, खर्च वेगळा. एसी बिचारा या सगळ्यांशी एकटा भांडत असतो आणि हरला की बदनाम तोच होतो.

उन्हाला बाजूला काढायचं सगळ्यात सोपं. सूर्यच नको. मी आणि बाबा पहाटे साडेचारला उठलो आणि वर्धा रोडनं चाळीस मिनिटं गाडी फिरवली. (सुटीच्या दिवशी साडेचार. नोंद असावी.) एसी बंद, नुसता ब्लोअर, टेंपरेचरची दांडी पूर्ण निळ्या टोकाला. पहिली दहा मिनिटं मस्त गार वारा. पंधराव्या मिनिटाला जाळीतून येणारी हवा कोमट. पंचविसाव्या मिनिटाला गरम. बाहेर तर उजाडलंही नव्हतं! मी मागे जाऊन आजीच्या जागेवर बसले, चपला काढल्या. डाव्या पायाखालचं मॅट गरम होतं, उजव्या पायाखालचं नव्हतं.

म्हणजे ऊन सुटलं. निदान एकटं ऊन तरी नाही. आणि आजी सहा आठवडे जे सांगत होती ते शब्दशः खरं होतं. ती "गाडीत गरम होतं" असं म्हणतच नव्हती, "पायाखाली" म्हणत होती. बाबांची तक्रार होती समोरच्या हवेची. आम्ही दोन्ही तक्रारी एकच समजून एसीवर टाकून मोकळे झालो होतो.

मोजायला काय वापरायचं यात मी एकदा तोंडावर पडले. कोविडच्या काळातली कपाळावर धरायची ताप-बंदूक घरात होती, ती घेऊन गेले. ती माणसासाठी बनवलेली असते. बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर गेलं की नुसतं 'हाय' दाखवते. इलेक्ट्रिकवाल्याकडची टेंपरेचर गन चालते, पण ती पृष्ठभाग मोजते, हवा नाही. चकचकीत पत्र्यावर तर ती खोटं बोलते, खूप कमी आकडा दाखवते. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून त्यावर धरली की आकडा बराच खरा येतो. जाळीतली हवा मोजायला मला माझ्या मावसबहिणीचा केक बेक करायचा थर्मामीटर मिळाला. लांब सुईवाला, तो जाळीत खोचून ठेवला की झालं. दुपारी एसी लावून बघितलं तर 24 अंश. चालत्या गाडीत, आतलीच हवा फिरवायच्या मोडवर, ठणठणीत एसीनं भर उन्हाळ्यातही 10-15 च्या आसपास यायला हवं.

चोवीस! हे पाहून कोणीही म्हणेल, गेला कॉम्प्रेसर. पण पहाटे एसी बंद असतानाही गरम हवा येत होती ना. ती कुठून आली?

हीटर, ज्याला नागपुरात कोणी ओळखत नाही

आमच्या गाडीला हीटर आहे हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. नागपुरात हीटर कोण लावतो? पण तो असतो. डॅशबोर्डच्या आत छोट्या रेडिएटरसारखी एक जाळी असते. इंजिनातलं 80-90 अंशांचं पाणी दोन रबरी नळ्यांतून तिच्यात येतं आणि परत जातं. ब्लोअरची हवा आधी एसीच्या गार कॉइलवरून जाते आणि पुढे, दांडी लाल बाजूला असेल तर, या गरम जाळीवरून. दांडी निळ्या बाजूला केली की एक केबल ओढली जाते. त्या केबलनं काही गाड्यांत पाण्याचा कॉक बंद होतो, काहींत एक झडप फिरून हवेला जाळी चुकवून नेते, काहींत दोन्ही होतं.

केबल सुटली, गंजली किंवा अडकली, तर वर दांडी निळ्याकडे गेलेली दिसते आणि आत हीटर सुरूच राहतो. एसी हवा गार करतो, हीटर ती लगेच गरम करतो, आणि पेट्रोल दोघांच्या भांडणात जळतं.

तपासायची रीत अशी. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करायची. बॉनेट उघडून डॅशबोर्डच्या बाजूच्या पत्र्यात शिरणाऱ्या त्या दोन नळ्या शोधायच्या आणि जाड फडकं हातात घेऊन चाचपायच्या. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. ते गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. कॉक असलेल्या गाडीत दांडी निळीकडे असताना एकच नळी गरम लागायला हवी. आमच्या दोन्ही चटके देत होत्या. मात्र ज्या गाडीला कॉकच नाही, फक्त झडप आहे, तिच्या दोन्ही नळ्या कायमच गरम असतात आणि तो बिघाड नव्हे. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघा, उगाच मिस्त्रीशी वाद घालू नका. मी घातला होता.

हे मिस्त्री म्हणजे चौथं गॅरेज. कॉटन मार्केटच्या मागे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. तिथेही सुरुवातीला सगळे बाबांशीच बोलत होते. मी थर्मामीटरचे आकडे लिहिलेली वही काढली तेव्हा चाचांनी चष्मा लावला. वही दोनदा वाचली आणि पोराला म्हणाले, "एसीला हात नको लावू. आधी ताईचं ऐक."

डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यांनी दांडी दोनदा हलवली. केबलच्या टोकाची क्लिप तुटून केबल लोंबत होती. कॉक अर्धवट उघडा राहून गंजानं जाम झालेला. कॉक बदलला, क्लिप नवी लावली. एसीचा गॅस उलट जास्त झाला होता. दोन-दोनदा भरल्यावर होणारच. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती असते, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. जास्त भरला तर प्रेशर वाढून गारवा उलट घटतो. चाचांनी सगळा काढून मापात भरला. जाळीतला थर्मामीटर 13 वर आला. कॉम्प्रेसर ठीक होता.

बाबा खूश. पैसे काढायला लागले. मी म्हटलं, "आणि मागचे पाय?"

टॉर्च आणि खुळखुळणारा पत्रा

हे सांगायला मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ह्याला एक पैसाही लागत नाही. आदल्या रात्री मी आणि बाबांनी अंगणातला दिवा बंद केला. मी डॅशबोर्डखाली पालथी पडले, बाबा बॉनेट उघडून टॉर्च घेऊन इंजिनाच्या बाजूनं पत्र्यावर प्रकाश टाकत होते. इंजिन आणि आपण यांच्यामधल्या त्या पत्र्याला बरीच भोकं असतात. वायरिंग, क्लच केबल, हीटरच्या नळ्या, सगळं त्यातूनच जातं. प्रत्येक भोकाला रबराचं बूच असतं, मिस्त्री लोक त्याला ग्रोमेट म्हणतात. वीस वर्षांत ते कडक होऊन गळून पडतं. मला अंधारात दोन चांदण्या दिसल्या. एक क्लच केबलजवळ, दुसरी त्या हौशी हॉर्नच्या वायरजवळ, जो आधीच्या मालकानं ड्रिल मारून बसवला होता. त्या दोन भोकांतून इंजिनाची गरम हवा सरळ आत येत होती.

मग मागचं मॅट आणि खालचा गालिचा उचलला. डाव्या बाजूला जमिनीतलं गोल रबरी बूच गायब. खालचं अंगण दिसत होतं. बूच गळून कधी पडलं देव जाणे, गालिच्यानं झाकलेलं होतं.

ते ऐकल्यावर चाचांनी पाकीट काढलेल्या बाबांना थांबवलं आणि गाडी रॅम्पवर घेतली. (जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, हे चाचांनी मला दोनदा सांगितलं, मी इथे एकदा सांगते.) खालून बघितलं तर सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवणारा जो पत्रा कंपनी बसवते, तो नव्हताच. फक्त त्याच्या नटांच्या जागा होत्या. चाचा हसले. हा पत्रा जुना झाला की खुळखुळ वाजतो. गिऱ्हाईक म्हणतं, आवाज घालवा. मिस्त्री पत्रा काढून टाकतो. आवाज गेला, गिऱ्हाईक खूश. बाबांना आठवलं, तीन वर्षांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं, "तो आवाज तेवढा बंद करा."

पाइप किती तापतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते : त्याच्यावर बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नुसतं कामाला लागायलाच साधारण 250-300 अंशांपर्यंत तापावं लागतं. या पाइपात आणि आजीच्या तळव्यात फक्त एक पत्रा आणि झिजलेला गालिचा होता.

पण चाचा पत्र्यापाशी थांबले नाहीत. त्यांनी पोराला गाडी चालू करायला सांगितलं आणि मागच्या नळकांड्याच्या तोंडावर क्षणभर ओलं फडकं धरलं. सायलेन्सर धड असेल तर इंजिन गुदमरतं. आमचं गुदमरलं नाही. खालून "फुस-फुस-फुस" आवाज आला. पाइपाच्या जोडावरचं गॅस्केट जळालं होतं आणि जोडाभोवती काजळीचा काळा पंखा उमटला होता. तिथून निघालेला धूर गाडीखालून मागे जाणार, आणि मागे ते उघडं भोक.

चाचांनी एकच प्रश्न विचारला. "माताजींचं डोकं दुखते का गाडीत?"

बाबांचा चेहरा मला अजून आठवतो.

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त फिरत राहतं पण ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळून जाणं. आता विदर्भात मे महिन्यात एखाद्या म्हातारीचं डोकं दुखलं, मळमळलं, तर आपण काय म्हणतो? ऊन लागलं. कांदा दे, पन्हं दे. आम्हीही तेच केलं होतं, दोन वेळा. आणि ऊन आत येऊ नये म्हणून काचा गच्च बंद करून हवा आतल्या आतच फिरवत होतो. आजीला नेमकं ऊन लागलं होतं की धूर, हे तिच्या डॉक्टरांनाही नंतर ठामपणे सांगता आलं नाही. पण गाडीत सगळ्यांचं किंवा एका ठरावीक सीटवरच्या माणसाचंच डोकं दुखत असेल आणि खाली उतरल्यावर तासाभरात बरं वाटत असेल, तर आधी काचा उघडा, मग सायलेन्सर तपासून घ्या. या कामाला शनिवारची वाट बघायची नसते.

गॅस्केट नवं टाकलं. जुन्या बाजारातून पत्रा मिळाला, 350 रुपयांत, थोडा ठोकून बसला. चार ग्रोमेट, जमिनीचं बूच, हीटरचा कॉक, क्लिप, एसीचा गॅस आणि मजुरी धरून बिल झालं 2,900. साडेनऊ हजारांचं काम कोणी केलंच नाही.

राहिलं ऊन. त्यावर थोडक्यात, कारण त्यात शोधण्यासारखं फार नाही. आजीच्या काचेला काळी फिल्म लावू या, असं काकानं सुचवलं होतं. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, ती या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येक हवालदाराला पाठ आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड पार व्हायलाच हवा. त्यापेक्षा उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला चमकी पडदा लावा. आणि निघताना दोन मिनिटं सगळ्या काचा उघडून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. दोन मिनिटं धीर धरायला बाबांना अजून जमत नाही.

ज्यांच्याकडे ओम्नी आहे त्यांच्यासाठी एक तळटीप : तुमचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच आहे. थोडी गरमी तुमच्या नशिबातच आहे. पण सीटखालच्या झाकणाचं रबर आणि आतलं अस्तर फाटलेलं नाही ना, एवढं बघून घ्या. आणि कोणत्याही गाडीत टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर रेंगाळत असेल तर हे सगळं सोडा. ते दुखणं केबिनचं नाही, इंजिनाचं आहे.

जूनच्या इंजेक्शनला आजी आली. आली म्हणजे मी तिला आधी रिकाम्या गाडीत बसवून, इंजिन अर्धा तास चालू ठेवून, खाली हात लावून बघायला लावलं. सगळ्या काचा उघड्या आणि गाडी मोकळ्या अंगणात. तिनं हात लावला. मग पाय टेकवले. मग म्हणाली, "आधी ऐकलं असतं तर?" यावर बाबांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. परतीच्या वाटेवर बुटीबोरीच्या आधीच तिला झोप लागली, पट्टी बांधलेला डोळा खिडकीकडे, पाय खाली.

थर्मामीटर अजून जाळीतच आहे. मावसबहीण रोज मेसेज करते, तिची केकची ऑर्डर अडलीय. आणि साठच्या वर गेलं की तो नवा-जुना पत्रा खालून खुळखुळतो. चाचा म्हणाले, आणा, क्लॅम्प कसून देतो. बाबांनी शनिवार ठरवलाय. जाताना आजी म्हणाली, "वाजू द्या. तो वाजते म्हणजे आहे."